वजन कोणावर घ्यायचं

मेलेल्या रानगव्याचं वजन करावं असा कुठलाही सरकारी नियम नव्हता. शवविच्छेदन करा, कारण लिहा, सही करा, संपलं. पण साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर यामिनी रहांगडाले वजन करायची. महामार्गावर गाडीच्या धडकेनं गवा पडला की वनखात्याची क्रेन यायची. त्या क्रेनच्या आकड्याला काटा अडकवून ती आधी अख्ख्या जनावराचं वजन घ्यायची, मग पाय किती भरतात आणि धड किती भरतं ते वेगळं काढायची. वनरक्षक हसायचे.

"मेल्यावर कशाला तोलता मॅडम?"

"जिवंतपणी तोलू देतो का तो?" ती म्हणायची.

गाड्या मुक्या झाल्या होत्या ते हे दिवस. पेट्रोल जवळपास संपलं होतं आणि बॅटरीवरच्या लहानशा, स्वस्त गाड्या गावागावांत पोचल्या होत्या. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे जंगलातून रस्ता ओलांडणाऱ्या जनावराला गाडी येतेय हे कळायचंच नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात गवेही वाढले होते. पावसाळा सरला की महिन्याला एखादी तरी धडक व्हायची. गवा मरायचा आणि बहुतेक वेळा गाडी चालवणाराही मरायचा.

यामिनीकडे असे आकडे आहेत हे कुठूनतरी कळलं आणि पुण्याच्या एका मोटार कंपनीचा इंजिनियर तिला शोधत दवाखान्यात आला. निरंजन खोपकर त्याचं नाव. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा माणूस. गोठ्याच्या कठड्यावर बसून त्यानं तिला समजावलं.

"मोटार मोटारीवर आदळली की दोघींची नाकं समोरासमोर चेपतात. आतलं माणूस वाचावं म्हणूनच ती नाकं तशी केलेली असतात. पण गवा म्हणजे चार खांबांवरची पाण्याची टाकी. लहान गाडीचं नाक त्याच्या गुडघ्याला लागतं. खांब मोडतात आणि वरची टाकी जशीच्या तशी बॉनेटवरून घसरत काचेवर येते. थेट तोंडासमोर."

"एअरबॅग?"

"उघडतच नाही बऱ्याचदा. पाय हलके असतात ना! बंपरला वाटतं, काठी लागली. धडक बसलीय हे गाडीला कळतं तोवर काच गेलेली असते, काचेच्या बाजूचे खांबही गेलेले असतात."

"मग ब्रेक दाबायचा."

"दाबायचा, पण शेवटपर्यंत नाही." खोपकरला हा प्रश्न आवडलेला दिसला. "ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते आणि जनावर आणखी सहज आत येतं. शेवटच्या क्षणी ब्रेक सोडला तर नाक वर उठतं. माणसाला ते जमत नाही. भीतीनं पाय दाबलेलाच राहतो. मशिनला जमतं."

त्याच्या मशिनचं नाव होतं 'छत्र'. अंगाची ऊब ओळखणारा कॅमेरा अंधारातून, धुक्यातून जनावर हेरायचा. गाडी ब्रेक मारायची. तरी थांबणं शक्य नाही असं दिसलं, तर शेवटच्या निमिषात ब्रेक सोडून नाक उचलायची. त्याच वेळी पुढच्या सीट मागं आडव्या व्हायच्या आणि डॅशबोर्डामागून पोलादी कमान वर उसळायची. गवा काचेवर न येता कमानीवरून घरंगळत बाजूला पडायचा. फक्त एक अडचण होती. लहान गाडीत जागा कमी. दोन्ही बाजूंना सारखी भक्कम कमान बसवायची तर गाडीच मोठी करावी लागली असती. म्हणून कमान उजवीकडे उंच आणि डावीकडे उतरती केली होती, एकपाखी छपरासारखी. सगळं वजन डावीकडे ओघळून जायचं.

"डावीकडे कोणी बसलं असेल तर?" यामिनीनं लगेच विचारलं.

"तर कमान दोन्हीकडे सारखी अर्धी उठते. वजन दोघांत वाटलं जातं. थोडं थोडं लागेल, पण दोघंही वाचतील."

यामिनीनं आपल्याकडचे सगळे आकडे दिले. त्यावरून त्यांनी रबराचे जाड पट्टे तारेत ओवून गव्याचा पुतळा बनवला. चाचणीच्या मैदानावर लाल रंगाची एक गाडी त्या पुतळ्यावर सोडली तेव्हा यामिनी तिथं हजर होती. ब्रेक किंचाळले, नाक उचललं गेलं, कमान उसळली आणि रबरी गवा छपरावरून डावीकडे लोळत गेला. आतल्या बाहुलीचं डोकं शाबूत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यामिनीनंही वाजवल्या, आणि त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात छत्र बसवलेली गाडी घेणाऱ्यांत ती पहिली होती. लोक त्याला 'छत्री' म्हणायला लागले.

यामिनीचा नवरा हंसराज झाडीपट्टीचा नट होता. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, अर्जुनी, लाखांदूर, जिथं मंडईची जत्रा तिथं नाटक. पडदा उघडायचा तो उजाडताना पडायचा. हंसराज कायम खलनायक. सावकार, पाटलाचा बिघडलेला पोरगा, गुंड. तो रंगमंचावर आला की पुढं बसलेल्या बाया बोटं मोडायच्या, आणि तीच त्याची पावती. बाकीच्या महिन्यांत घरची धानाची शेती पाहायची, गावातल्या पोरांना नाटकं शिकवायची, आणि यामिनी थकून आली की तिच्यापुढं सगळ्या पात्रांचे आवाज काढून दाखवायचे.

ती पहाट पौषातली होती. अर्जुनीजवळच्या एका गावात रात्रभर नाटक झालं होतं आणि कंपनीचा टेम्पो बंद पडला म्हणून यामिनी त्याला आणायला गेली होती. परतताना नवेगावच्या जंगलात धुकं होतं. हंसराजच्या कानामागं रंग राहून गेला होता.

"एक म्हातारी चप्पल घेऊन धावली ना माझ्यावर!" तो सांगत होता. "म्हणते, सुनेला छळतोस का रे मेल्या, थांब तुला दाखवते! मी म्हटलं, आजी, नाटक आहे. तर म्हणते, मले शिकवू नोको..."

यामिनी हसत होती. मग गाडीनं आपण होऊन ब्रेक मारला.

धुक्यात आधी पांढरे पाय दिसले. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे. वरचं काळं धड धुक्यात दिसलंच नाही. नाक उचललं गेलं, सीट मागं पडली, डोळ्यांसमोर छत आलं. मोठा आवाज असा झालाच नाही. पोतं टाकल्यासारखा एक धप्प आवाज, आणि मग काचेचे बारीक तुकडे बराच वेळ पडत राहिले.

"अहो," यामिनी म्हणाली.

डावीकडून उत्तर आलं नाही. ती सीटवर आडवीच होती. तिनं हात लांब केला तर मध्ये पोलाद लागलं. कमान उजवीकडे ताठ उभी होती. डावीकडे ती पार खाली गेलेली होती.

तिच्या मनगटावर एक ओरखडा उठला होता. दुसरं काही नाही.

*

नागपूरच्या इस्पितळात हंसराज शुद्धीवर आला. मानेचा मणका चेपला होता. हात खांद्यापर्यंत उचलले जायचे, बोटं मिटायची नाहीत, छातीखालचं काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी यामिनीला हे सांगितलं तेव्हा तिनं मणक्याचा क्रमांक विचारला, फोटो पाहिला, मान हलवली. ती स्वतः डॉक्टर आहे म्हणून किती धीरानं घेते आहे, असं परिचारिका आपसात बोलल्या. तो धीर नव्हता. यामिनीला फक्त तहान लागली होती. आपण पाणी पिऊन यावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

खोपकर आला तो कंपनीनं पाठवलं म्हणून नाही, स्वतःहून आला. इस्पितळाच्या मागच्या जिन्यात दोघं उभे राहिले.

"तुम्ही मला विचारलं होतं, शेजारी कोणी असेल तर काय," तो म्हणाला. "आणि मी सांगितलं होतं, वजन वाटलं जातं."

"हो."

"पहिल्या वर्षी तसंच होतं. तीन गाड्यांत दोघं दोघं बसलेले होते. अर्धी कमान दोन्हीकडे उठली, आणि दोन्हीकडे कमी पडली. तिन्ही गाड्यांत कोणीच वाचलं नाही. मग आम्ही मशिनला शिकवलं की जनावर एका वजनापलीकडे असेल तर वाटणी करायची नाही. एक तरी वाचवायचा. गाडी ज्याच्या हातात आहे तो." त्यानं चष्मा काढला. "फोनवर सूचना आली असेल तुम्हाला. सगळ्यांना गेली होती."

यामिनीला आठवेना. आलीही असेल. 'मान्य' म्हणून तिनं बोट लावलंही असेल. अशा सूचना रोज यायच्या.

"गव्याचं वजन मशिननं किती धरलं होतं?" तिनं विचारलं.

खोपकरनं चष्मा परत चढवला. "तुमच्याच आकड्यांवरून काढतं ते. खांद्याची उंची पाहून."

"बरोबर होतं का?"

"अगदी जवळ होतं."

"मग दोघंही गेलो असतो."

"हो," तो म्हणाला. "बहुतेक दोघंही."

त्याला वाटत होतं, ती ओरडेल, निदान रडेल. ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का? खाली कँटीन आहे." आणि वर निघून गेली.

*

हंसराजला घरी आणलं. यामिनीनं पुढची खोली त्याच्यासाठी केली, कारण तिथून रस्ता दिसायचा. दर काही तासांनी त्याची कूस बदलावी लागायची, नाहीतर अंगावर जखमा होतात. बसलेली गाय उठत नसली की तिचंही असंच करतात, हे तिच्या हातांना माहीत होतं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघ्याचा टेकू.

"मस्त ढोरावानी उलटवते तू मला," हंसराज म्हणायचा. "हुर्र म्हण ना एखाद्या वेळी."

ती चादर नीट करायची.

सुरुवातीला त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, श्वास पुरायचा नाही. मग तो व्यायाम करायला लागला. सकाळी छताकडे बघत एकेक स्वर लांबवायचा. कोणी भेटायला आलं की त्यांनाच हसवून पाठवायचा. लोक बाहेर येऊन यामिनीला म्हणायचे, "देवमाणूस आहे तुमचा नवरा. एका शब्दानं तक्रार नाही." ती म्हणायची, "हो." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं तिच्याकडे कधीच काही मागितलं नाही. पाणीसुद्धा ती देईल तेव्हाच प्यायचा. कधी तिला वाटायचं, त्यानं एकदा शिव्या द्याव्यात. पण वाटायचं म्हणजे तरी काय, विचार नुसता मनात येऊन जायचा, शेजारच्या घरात भांडं पडावं तसा.

ती कामावर परत गेली होती. बसनं जायची. अडलेल्या म्हशी सोडवायची, लसी टोचायची, औषधांचे डोस तिचे कधी चुकले नाहीत. भाजीत मीठ विसरलं तरी तिला कळायचं नाही. आई वारल्याचा फोन आला तेव्हा ती गेली, सगळं केलं, आली. भावानं तिचा हात धरला तर तिनं हाताकडे पाहिलं.

या दोन वर्षांत छत्री सगळीकडे पोचली होती आणि ती कोणाला वाचवते हेही लोकांना कळलं होतं. गाडीत बसायची रीतच पालटली. जे मावतील ते मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसायचे. पुढं डावीकडे बसायचं तर कोण बसणार यावरून दारात उभं राहून बोलणी व्हायची. म्हातारे आईबाप हट्टानं डावीकडे बसायचे, "आमचं काय राहिलं आता" म्हणून. लग्नात वरातीच्या गाडीत मुलीकडचे अडून बसले की नवरी डावीकडे बसणार नाही. एका गावात सासऱ्यानं जावयाला गाडी दिली आणि मुलीला चालवायला शिकवून मगच सासरी पाठवली. 'डाव्या बाजूचं माणूस' असा शब्दच रूढ झाला. घरात ज्याला किंमत नाही, तो.

मग एका खटल्यानंतर सरकारनं समिती नेमली. मशिननं निवड करावी का, आणि करावी तर कोणाच्या सांगण्यावरून. नागपूरला सुनावणी होती. हंसराज आणि यामिनी, दोघांनाही बोलावलं होतं. एकाच गाडीतले, दोन्ही बाजूंचे, दोघंही जिवंत असे बहुधा तेवढेच होते.

सभागृह भरलेलं होतं. खोपकरनं उभं राहून सांगितलं, "एकपाखी ठेवलं तर एक वाचतो. दोनपाखी ठेवलं तर कोणीच नाही. मी इंजिनियर आहे, तिसरी कमान बनवायचा प्रयत्न करतोय. अजून जमलेली नाही." मग यामिनीला विचारलं. तिनं जे झालं ते सांगितलं, पाच-सहा वाक्यांत. एका वकिलानं विचारलं, "तुम्ही वाचलात याबद्दल काय वाटतं?"

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. ती टाळते आहे असं वकिलाला वाटलं. ती खरंच सांगत होती.

शेवटी हंसराजची खुर्ची पुढं नेली. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "रहांगडालेजी, त्या पहाटे मशिननं तुम्हाला विचारलं असतं, तर काय उत्तर दिलं असतं?"

हंसराजनं आधी सभागृहभर नजर फिरवली, शेवटच्या रांगेपर्यंत.

"मी म्हटलं असतं, हिला वाचव," तो म्हणाला. माईक नसता तरी ऐकू गेलं असतं. "हजारदा विचारलं असतं तरी हजारदा हेच म्हटलं असतं. दुःख एवढंच आहे बाईसाहेब, की विचारलं नाही. माझा जीव मी दिला असता. तो माझ्याकडून घेतला."

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मागं बायका डोळे पुसत होत्या. न्यायाधीश बाईंनीही चष्मा पुसला. यामिनी खुर्चीमागं उभी होती. तिनं त्याच्या मानेवरचा रुमाल सारखा केला.

नियम झाला तो त्याच्या त्या वाक्यावरून. यापुढं कमान हव्या त्या बाजूला उतरती होईल अशीच बसवायची. पुढच्या सीटवर दोघं असतील तर वजन कोणावर घ्यायचं हे निघण्याआधी गाडी विचारील, आणि दोघांचं उत्तर एक आल्याशिवाय चाक हलणार नाही.

*

त्या हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपनीच्या मालकाचा फोन आला. नव्या नाटकात एक भूमिका होती. शेवटपर्यंत दिसत नाही असा खलनायक, फक्त पडद्यामागून त्याचा आवाज येतो. लेखकानं ती हंसराजसाठीच लिहिली होती. हंसराजनं फोन ऐकला आणि "पाहू" म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याचे सकाळचे स्वर दुप्पट लांब झाले.

खुर्चीसकट माणूस आत घेता येईल अशी गाडी आणावी लागली. लहानच होती. खुर्ची मागं मावत नव्हती, पुढची डावी सीट काढून तिथंच बसायची. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारीच यामिनीनं त्याला फळीवरून आत चढवलं, खुर्चीच्या चाकांना खटका लावला, पट्टा बांधला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, जरी पडद्यामागं तो कोणाला दिसणार नव्हता.

ती चालवायला बसली. दोन वर्षांनी.

"डावीकडे माणूस आहे," गाडी म्हणाली. कोणा बाईचा समजूतदार आवाज होता. "वेळ आलीच, तर वजन कोणावर घ्यायचं? दोघांनी सांगावं."

"चालकावर," यामिनी म्हणाली.

मग ती हंसराजची वाट पाहत राहिली. अंगणात शेजारच्या कोंबड्या फिरत होत्या.

"डाव्या बाजूचं उत्तर आलेलं नाही," गाडी म्हणाली.

"अहो, सांगा ना," यामिनी म्हणाली. "तुम्ही 'डावीकडे' म्हणणार हे मला माहीत आहे, पण मग आपली उत्तरं जुळायची नाहीत आणि आपण इथंच बसू. या वेळी माझं ऐका. चालकावर म्हणा. मला काही फरक पडत नाही."

"तेच," हंसराज म्हणाला. "तेच ऐकून राहिलो मी दोन वर्षं. तुला काही फरक पडत नाही." त्यानं मान जेवढी वळते तेवढी तिच्याकडे वळवली. "यामिनी, त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोललो ना, ते नाटक होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"सारा जन्म खलनायक केला. एक दिवस नायक करून पाहिला. टाळ्या पडल्या. हजारदा विचारलं तरी हिला वाचव म्हणे! अरे, विचारलं असतं तर भीतीनं जीभच वळली नसती माझी. इस्पितळात मला सारं कळलं ना, गाडीनं काय केलं ते, तेव्हा पहिली गोष्ट काय आली मनात सांगू? ही काहून नाही. मी काहून, मीच का. तू समोर उभी होती, माझं तोंड पुसून राहिली होती, अन् मी तेच म्हणत होतो आतल्या आत. ही काहून नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलू? तूच मला उलटवते, तूच भरवते. अन् तुझा चेहरा असा. असा म्हणजे, मेलेल्या गव्याचं वजन घेते तेव्हा असते तसा. वाटलं, मी बोललो तर ही मोडून जाईल. मग हसवत राहिलो. देवमाणूस झालो." त्याला धाप लागली होती. तो थांबला, श्वास जमवला. "देवमाणूस होऊन कंटाळलो बाप्पा मी."

कोंबड्या कठड्यावर चढल्या. रस्त्यानं एक सायकल गेली.

"मला जगायचं आहे," हंसराज म्हणाला. आवाज आता शेवटच्या रांगेसाठी नव्हता, गाडीपुरताही जेमतेम होता. "असाच. बोटं नाहीत, पाय नाहीत, असाच. आज रात्री पडद्यामागून मी बोललो की पहिल्या रांगेतल्या बाया बोटं मोडतील. मला ते ऐकायचं आहे. पुढच्या सालीही ऐकायचं आहे. तू मरायला तयार आहे म्हणून मी हे बोलून नाही राहिलो. तुझं तू पाहा, तुला राग येऊ दे, रडू येऊ दे, काहीही येऊ दे. मी माझं सांगतो." त्यानं समोर काचेकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हटलं, "चालकावर."

"नोंद झाली," गाडी म्हणाली. "आपण निघू शकता."

यामिनी निघाली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती बसून राहिली. भूल उतरताना जनावर आधी कान हलवतं, मग पापणी, मग सगळ्या अंगातून एक शहारा जातो, आणि कुठं दुखतं आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं. तिला आधी मनगट कळलं. मग घसा. घशाशी काहीतरी गरम येत होतं आणि ते तिला आवरता येईना. त्याचा राग आला होता का? आला होता. 'ही काहून नाही' हे शब्द कुठंतरी खोल लागले होते, चांगलेच लागले होते. आणि त्याच्याच तळाशी दुसरंही काहीतरी होतं. दोन वर्षांत या माणसानं तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि ते देता येईल असं होतं.

ती रडली. मोठ्यानं, ओंगळ, नाक पुसत. हंसराजनं खांदा उचलून हात तिच्याकडे सरकवला. तो तिच्यापर्यंत पोचला नाही, दोघांच्या मध्येच पडून राहिला. तिनं तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

"रागावली?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूपच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडी अंगणातून बाहेर काढली. गाव मागं पडलं, धानाची कापलेली शेतं गेली आणि जंगल लागलं. ऊन अजून होतं, पण सागाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडायला लागल्या होत्या. यामिनीनं वेग कमी केला. मग आणखी कमी केला. झाडीतून काहीही आडवं आलं, तरी ब्रेक लागून गाडी जागच्या जागी उभी राहील, कमानीची गरजच पडणार नाही, इतका कमी. मागून एक ट्रक आला, भोंगा वाजवत राहिला आणि शेवटी चिडून बाजूनं निघून गेला. त्याच्यामागून दोन मोटारसायकली गेल्या. मग चक्क एक ट्रॅक्टर पुढं गेला आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं.

"अवो डॉक्टरीणबाई," हंसराज म्हणाला, "असं चालवलं तर नाटक सुरू होऊन जाईल ना!"

"होऊ द्या."

"होऊ द्या कसं? पहिल्याच प्रवेशात माझा आवाज आहे."

"मग होत नाही सुरू," यामिनी म्हणाली. तिचा आवाज रडून घोगरा झाला होता. "खलनायक आल्याशिवाय कुठं नाटक सुरू होतं?"

हंसराज हसायला लागला. हसताना त्याला धाप लागली. ती थांबेपर्यंत यामिनीनं गाडी आणखी हळू केली आणि दोन्ही बाजूंच्या झाडीवर नजर ठेवून पुढं नेत राहिली.